मोडीच्या काट्यावरची चहादाणी

सराफाच्या पेढीवर तुटलेले, झिजलेले किंवा नको झालेले दागिने आणि भांडी वजनावर विकायला येतात, तेव्हा त्या मालाला 'मोड' म्हणतात. मोडीचा भाव धातूच्या कसावर आणि वजनावर ठरतो, घडणावळ म्हणजे घडवणाऱ्याच्या मजुरीचा दाम त्यातून वगळला जातो, आणि वस्तू किती जुनी आहे किंवा कोणाच्या घरातून आली आहे याला त्या हिशेबात जागाच नसते. पांढुर्णा आणि सौसरच्या सराफ्यात येणारी चांदीची मोड बहुतांशी शेतकरी घरांतली असते: तोडे, वाळे, साखळ्या, करदोडे, जोडवी, आणि देवघरातली निरांजने, पळ्या, तांबे, अत्तरदाण्या. संत्र्याचा बहार गळला, कपाशीला भाव मिळाला नाही किंवा घरात लग्न निघाले की ती पेटीतून बाहेर पडते. या ढिगात वर्षानुवर्षांतून एखादीच चहादाणी येते, म्हणजे चहाची पत्ती कढत पाण्यात मुरवून तो चहा कपात ओतण्यासाठी केलेले, तोटी, मूठ आणि झाकण असलेले भांडे. प्रस्तुत लेखनाला आधार आहे तो अशा एका पेढीवर पारखी म्हणून, म्हणजे कस पाहून माल मोडीत घ्यावा की नाही हे ठरवणारा कारागीर म्हणून, तीन दशकांहून अधिक काळ काम केलेल्या माणसाच्या अनुभवाचा, आणि तेवढ्या काळात त्याच्या हाताखालून गेलेल्या मोजक्या चहादाण्यांचा.

हा मुलूख सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये त्या दोघांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत, घरातले बोलणे मराठीत किंवा पवारीत, डोंगराकडच्या गावांत गोंडी, आणि बाजार मात्र नागपूरचा, अशी इथली घडण आहे. पांढुर्णा नागपूर–इटारसी या मोठ्या रेल्वेमार्गावर आहे, तर सौसर नागपूर–छिंदवाड्याच्या छोट्या लाइनीवर होते, जी रुंदीकरणासाठी २०१५ मध्ये बंद होईपर्यंत चालत होती. सौसर तालुक्यातील लोधीखेड्याच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचा लौकिक इंग्रजी काळातल्या गॅझेटियरांनीही नोंदवलेला आहे. धातूचे भांडे घडवणारे आणि पारखणारे हात इथे होतेच. चांदीची चहादाणी मात्र इथल्या हातांनी घडवलेली नसे, ती बाहेरून येई. ती कोणाकडे येई हे समजण्यासाठी मालगुजारी ही व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. मध्य प्रांतात गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर असे आणि त्या बदल्यात ज्याला गावाची मालकी मिळालेली असे, तो मालगुजार. दौऱ्यावर आलेला इंग्रज अधिकारी गावात मुक्कामाला असला की त्याची सरबराई मालगुजाराच्या वाड्यातून होई, आणि त्या सरबराईचा एक भाग म्हणून साहेबाला ज्या रीतीचा चहा लागतो त्या रीतीचा सरंजाम काही वाड्यांत ठेवलेला असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, वाड्यांचे उत्पन्न आटले, आणि पुढच्या पिढ्यांमध्ये हा सरंजाम वाटण्यांमध्ये, आंदणात आणि शेवटी मोडीत आला.

चांदीच्या चहादाणीचा मूळ इतिहास इंग्लंडचा असला तरी त्याचा एक धागा मुंबईशी बांधलेला आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ब्रागांझा हिचा १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी विवाह झाला, त्या विवाहाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांना मिळाले, आणि इंग्लंडच्या दरबारी स्त्रियांमध्ये चहाची आवड रुजवण्याचे श्रेयही याच राणीला दिले जाते. मुंबई १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १६७० मध्ये, लॉर्ड बर्कली याने कंपनीला भेट दिलेली चांदीची चहादाणी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इंग्लंडमधल्या ज्ञात चांदीच्या चहादाण्यांत ती सर्वांत जुनी मानली जाते. तिचा आकार उंच, निमुळता, पुढे कॉफीच्या भांड्यांचा म्हणून रूढ झालेला; तिच्या अंगावर ती चहासाठी असल्याचे कोरलेले नसते, तर आज कोणी तिला चहादाणी म्हटले नसते. भांड्याचा उपयोग त्याच्या आकारावरून नेहमी कळतोच असे नाही, हा धडा पारख्याला फार उपयोगी आहे.

चहादाणीत पाणी किती मावते हे पाहणे हीही एक परीक्षा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्रजी चहादाण्या आजच्या डोळ्याला खेळण्यातल्या वाटाव्यात इतक्या लहान असतात, कारण पत्ती महाग होती आणि ती कुलपाच्या डब्यात ठेवून मालकीण स्वतः मोजून काढत असे. १७८४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, चहा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला आणि भांडीही मोठी होत गेली. योगायोग असा की त्याच वर्षी चांदीच्या भांड्यांवर नव्याने कर बसला, आणि तो भरल्याची खूण म्हणून भांड्यावर राजाच्या मुखवट्याचा लहानसा ठसा उमटवण्याची पद्धत सुरू झाली, जी १८९० पर्यंत चालली. इंग्लंडमध्ये कस तपासून मारलेल्या ठशांत चालणारा सिंह हे शुद्धतेचे चिन्ह असते, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. त्याशेजारी शहराचे चिन्ह असते, जसे लंडनचा बिबळ्याचा चेहरा, बर्मिंगहॅमचा नांगर. मग वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे. यांच्या जोडीला राजाचा किंवा राणीचा मुखवटा असला की भांडे बहुधा १७८४ ते १८९० या काळातले ठरते. पेढीवरच्या पारख्याने हे सगळे पुस्तकातून शिकलेले नव्हते. सुरुवातीची अनेक वर्षे त्याला सिंह म्हणजे दुकानाचा छाप आणि नांगर म्हणजे जहाजावरचा माल असेच वाटत होते, आणि त्या वर्षांत मुशीत गेलेल्या भांड्यांबद्दलची हळहळ त्याच्या बोलण्यात आजही उतरते.

तळाशी कधीकधी सुईने ओरखडल्यासारखे आकडे असतात. ते भांडे घडले तेव्हाचे वजन असते, ट्रॉय औंस आणि पेनीवेट या मापांत; एका ट्रॉय औंसाचे ३१.१ ग्रॅम आणि वीस पेनीवेटांचा एक औंस. २१–१० असे आकडे असतील तर भांडे मुळात सुमारे ६६९ ग्रॅमचे होते, आणि आज काट्यावर ते ६५० भरले तर एकोणीस ग्रॅम चांदी घासण्यात गेली. राखेने, चिंचेने, पुढे पावडरीने, पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या तरी हातांनी. त्या हातांचा इतिहासात कुठेही उल्लेख नसतो, पण वजनातली ती तूट त्यांचीच असते.

चांदी म्हणून काट्यावर आलेल्या बहुतेक चहादाण्या चांदीच्या निघत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये विजेच्या साहाय्याने चांदीचे पाणी चढवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि त्यानंतर तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूवर चांदीचा पातळ थर दिलेली भांडी जगभर गेली. या मिश्रधातूला जर्मन सिल्व्हर म्हणतात. त्यात चांदीचा कणही नसतो. विदर्भात आणि या भागात अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यालाही 'जर्मन' म्हणतात, त्यामुळे आपले भांडे जर्मन सिल्व्हरचे आहे हे ऐकताच गिऱ्हाईक दुखावते, वाड्यातल्या वस्तूला कोणी चुलीवरच्या गंजाच्या (गंज म्हणजे नागपूर-वऱ्हाडकडे पातेल्यासाठी वापरला जाणारा शब्द) पंगतीला बसवले असे त्याला वाटते. अशा वेळी समजावण्यापेक्षा परीक्षा करून दाखवणे बरे असते. तळाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर कानशीचा एक हलका हात मारायचा, त्या खाचेवर तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक आम्लाचा, थेंब सोडायचा. खालचा धातू तांब्या-निकेलचा असेल तर थेंब फसफसून हिरवा होतो. चांदी असेल तर तो राखाडी होऊन बसतो, आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला की पांढरा चोथा धरतो, अगदी नासलेल्या दुधासारखा. गिऱ्हाइकाला रसायनशास्त्र कळत नसले तरी नासलेले दूध कळते.

कस, वजन आणि ठसे यांनी भांड्याची किंमत कळते. त्यात चहा प्यायला गेला की नाही हे मात्र झाकण उघडून आत पाहिल्यावरच कळते. चहातल्या टॅनिनमुळे, म्हणजे चहाला तुरटपणा आणणाऱ्या द्रव्यामुळे, वापरातल्या चहादाणीच्या आत तपकिरी-काळा, लाखेसारखा घट्ट थर बसतो, तो घासून सहजी निघत नाही आणि जाणकार तो काढतही नाहीत. या भागातल्या चहादाण्या या दृष्टीने दोन प्रकारच्या निघाल्या. आतून काळ्या असलेल्या बहुधा साहेबाच्या बंगल्यातून बदलीच्या वेळी लिलावात विकल्या गेलेल्या आणि मग इकडे आलेल्या असत. वाड्यासाठी नव्या विकत घेतलेल्या मात्र आतून पांढऱ्या, कधीकधी घडवणाऱ्याच्या हातोडीचे ठोके दिसावेत इतक्या कोऱ्या. एक आजी अशी चहादाणी घेऊन आल्या, तेव्हा झाकण उघडण्याआधीच त्या म्हणाल्या होत्या, "भाऊ, याच्यातला च्या आमच्या घरच्या कोनं पेला नाही. साहेबायसाठीच होती हे."

घरच्यांनी तो का प्यायला नाही, याचे उत्तर केवळ परकेपणात नाही. चांदी ही मराठी घराला परकी नव्हती. देवाची उपकरणी, पानदान, बाळाची वाटी-बोंडले हे सगळे चांदीचे असे, आणि सोवळ्याच्या विचारात, म्हणजे शुद्धाशुद्धतेच्या घरगुती नियमांत, धातू हा शुद्ध करता येणारा मानला जाई. राखेने घासला, पाण्याने विसळला की तो पुन्हा पहिल्यासारखा. चिनीमातीचे तसे नव्हते. ती माती, उष्टे शोषून घेणारी, आणि शिवाय कोणी कशात भाजलेली हे ठाऊक नसलेली. म्हणून कपबशी अनेक सोवळ्या घरांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच राहिली आणि घरातली वडीलधारी माणसे चहा प्यायचीच वेळ आली तर पितळी पेल्यातून किंवा फुलपात्रातून, पदराने किंवा उपरण्याने धरून पीत. चांदीची चहादाणी स्वतः धातूची असूनही तिच्या जोडीला कपबशी लागे, आणि ती साहेबाच्या तोंडाला लागलेली असे. भांडे शुद्ध, पण त्याची संगत अशुद्ध, अशा पेचात ती कपाटात गेली.

हा पेच किती गंभीर होता हे पुण्याच्या १८९० च्या प्रकरणावरून कळते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमासाठी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही त्यांत होते; पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली, काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात घेऊन बाजूला ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापवली आणि त्यातून ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे धर्माचाराच्या भंगावरून जातीत उठणारा वाद आणि त्यातून येणारा बहिष्कार. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले तेव्हा सुधारकांनी त्यांना दोष दिला. मराठी समाजाच्या वैचारिक इतिहासात हे प्रकरण सुधारक आणि सनातनी यांच्या वादाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते तसे आहेही. पण भांड्यांच्या बाजूने पाहणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एवढे सगळे ज्याच्यावरून झाले तो पदार्थ मराठी घरात तेव्हा अजून पाहुण्यांचा होता. इंग्लंडमध्ये भांड्यावरचा राजमुखवटा ज्या वर्षी बंद झाला, त्याच वर्षी पुण्यात चहाचा कप हातात धरल्याबद्दल माणसे जातीपुढे उभी केली जात होती.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत चहा घराघरांत शिरला, तो चहादाणीतून मात्र शिरला नाही. भारतात पिकणाऱ्या चहाला देशातच गिऱ्हाईक मिळावे म्हणून १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. रेल्वेच्या मोठ्या जंक्शनांवर छोट्या ठेकेदारांना किटल्या, कप आणि पत्तीची पुडकी देऊन चहा विकायला लावले गेले, आणि पुढे चहा कसा करावा याच्या सूचना लिहिलेल्या पाट्या अनेक स्थानकांवर लागल्या. त्या सूचना चहादाणीच्या होत्या: पाणी ताजे उकळा, भांडे आधी गरम करून घ्या, पत्ती मोजून टाका, वरून पाणी ओता, काही मिनिटे मुरू द्या, दूध नंतर. लोकांनी चहा घेतला आणि पाटी सोडून दिली. इथल्या चुलीवर दूध, पाणी, साखर किंवा गूळ आणि पत्ती एकाच गंजात पडली, ती उकळली, उतू जाता जाता दोनदा खाली आली, आणि फडक्यातून किंवा गाळणीतून कपात गाळली गेली. प्रचारकांना ही चहाची नासाडी वाटे. त्यांचे ते मत इथल्या सकाळीला लागू पडत नव्हते, कारण पहाटे बागेत संत्री तोडायला जाणाऱ्या माणसाला पोटात जाणारे पहिले अन्न म्हणजे तो दुधा-साखरेचा कप होता, आणि त्याला रंगापेक्षा दमाची गरज होती.

चहादाणीचा शेवट यंत्रानेही केला. १९३० च्या सुमारास आसामातील आमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर याने पत्ती दातेरी रुळांतून काढून चिरडणारे, फाडणारे आणि वळवणारे यंत्र बसवले. इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून त्या चहाला सीटीसी म्हणतात, आणि आज टपरीवर जी दाणेदार पावडर गंजात पडते ती हीच. ती लवकर रंग देते, कमी लागते, स्वस्त पडते आणि उकळण्यासाठीच जणू केलेली आहे. चहादाणीच्या आत, तोटी जिथे पोटाला जोडलेली असते तिथे, पत्ती अडवण्यासाठी बारीक छिद्रांची चाळण असते. ती लांब पानाच्या पत्तीसाठी बेतलेली असते. सीटीसीचे दाणे त्या छिद्रांत बसतात, फुगतात आणि तोटी बंद पडते.

या छिद्रांपाशीच पारख्याच्या कामातली सर्वांत मोठी चूक घडलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका खेड्यातून चहादाणी आली होती, चांदी अस्सल, पण आतली चाळण कोणीतरी आतून टोच्याने फाडून मोठी केलेली, छिद्रांच्या कडा फुलासारख्या तोटीकडे उलटलेल्या, झाकणाच्या बिजागरीत दुधाची साय जळून बसलेली, आणि पोटात तपकिरी थराऐवजी करडा, खरबरीत लेप. बिघडवलेला माल म्हणून पेढीने ती उतरत्या भावाने घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती मुशीत गेली. चांदी ९६२ अंशांना वितळते, सवागी, म्हणजे टाकणखार, टाकली की मळ वर येतो, आणि कांबी ओतली की भांड्याचे नावही उरत नाही. ती काय होती हे त्याला कळायला बरीच वर्षे गेली. आतून काळी चहादाणी साहेबाची आणि पांढरी कपाटातली, पण ही तिसरी होती: कोणीतरी, बहुधा घरातल्या एखाद्या सुनेने, ती कपाटातून काढून गंजातला उकळलेला चहा तिच्यात ओतला होता, तोटी तुंबल्यावर सोनाराकडे किंवा घरच्याच कोणाकडे नेऊन छिद्रे मोठी करून घेतली होती, आणि रोज वापरली होती. साहेबाचे भांडे एका घराने आपल्या चहाला वाकवले होते, त्याचा पुरावा त्या उलटलेल्या कडांत होता, आणि तो बिघाड समजून वितळवला गेला. तशी दुसरी चहादाणी पुन्हा त्याच्या हातात आली नाही. तेव्हापासून मोडीत आलेले कोणतेही भांडे एक रात्र बाजूला ठेवायचे, वजन, ठसे, मावणारे पाणी आणि आतला रंग वहीत लिहायचा, आणि मगच मुशीकडे न्यायचे, असा नियम त्याने स्वतःसाठी केला. पेढीला त्याचा काही लाभ नव्हता आणि भाव रोज हलत असल्याने तोटाही होऊ शकत होता, तरी तो त्याने मोडला नाही.

चहाच्या भांड्यांचा या भागातला इतिहास लिहायचा तर चांदीपेक्षा एका फुटक्या कपाबद्दल जास्त लिहावे लागेल. शेतावरच्या मजुराला चहा देण्याची रीत जुनी आहे, पण दलित मजुराचा कप घरात येत नसे. तो वळचणीला किंवा गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असे, बहुधा कान तुटलेला, आणि तो मजुरानेच काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळायचा आणि परत तिथेच ठेवायचा. हॉटेलांतही निराळे कप असत. किटलीला किंवा चहादाणीला लांब तोटी असण्याचा एक उपयोग असाही झाला, की देणाऱ्याच्या हाताचा घेणाऱ्याच्या कपाला स्पर्श न होता चहा देता येई; साहेबाच्या टेबलावर जी तोटी नजाकतीची होती ती अंगणात अंतर राखण्याची झाली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने सार्वजनिक उपाहारगृहात ठेवलेली भांडी वापरण्यास मनाई करणे हा गुन्हा ठरवला. संसदेला कायद्याच्या कलमात भांड्यांचा उल्लेख करावा लागला, यावरून ती चाल किती घट्ट होती हे समजते. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथून काही तासांच्या वाटेवर असलेल्या नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वळचणीचा कप कायद्याने एका दिवसात गेला नाही. तो गेला तो हळूहळू, काही ठिकाणी काचेच्या ग्लासाने आणि पुढे कागदी कपाने त्याचा प्रश्नच मिटवून टाकल्यामुळे, आणि काही ठिकाणी ज्यांच्यासाठी तो ठेवलेला होता त्यांनी त्यातून पिण्याचे नाकारल्यामुळे. असा कप कोणी सराफाकडे आणत नाही. त्याला मोडीचा भाव नाही, म्हणून तो उकिरड्यावर गेला, आणि ज्या वस्तूने या समाजातला चहा सर्वांत खरेपणाने सांगितला असता ती कुठल्याही वहीत नोंदली गेली नाही.

ज्या आजींनी पांढरी चहादाणी आणली होती, त्यांना ती मोडायची नव्हती. तोटीच्या बुडाशी ती गळत होती आणि नातसुनेला द्यायची असल्याने गळती बंद करून हवी होती. पूर्वी कोणीतरी तिथे शिशा-कथलाचा डाख लावलेला होता, आणि हे काम नाजूक होण्याचे कारण तेच होते. डाख म्हणजे दोन धातूंचे तुकडे जोडण्यासाठी वितळवून सोडलेला, लवकर वितळणारा धातू. चांदीच्या भांड्याला चांदीचाच डाख हवा, त्यासाठी भांडे लालसर होईपर्यंत तापवावे लागते, आणि जुन्या शिशाचा अंश राहिला असेल तर त्या आचेत ते चांदीत शिरते आणि तिला कीड लागल्यासारखी भोके पाडते. म्हणून आधी मूठ काढावी लागली. चांदीइतकी उष्णता दुसरा कोणताही धातू वाहून नेत नाही, त्यामुळे मूठ लाकडाची असते आणि तिच्या दोन्ही टोकांच्या खिळ्या काढल्या की ती सुटते. मग कोरणीने शिसे खरवडून, पुन्हा खरवडून, भिंगाखाली पाहून, फुंकणीच्या बारीक ज्योतीने डाख सोडला गेला. या कामाला अख्खी दुपार गेली. पारख्याने चाळणीची छिद्रे मोठी करायची का असे विचारले, तेव्हा आजी म्हणाल्या की गरज नाही, च्या गंजातच होईल, गाळून मग यात ओतू.

जोड टिकला की नाही हे पाण्याने पाहता येते, पण कढत चहा जिथून झिरपतो तिथून गार पाणी झिरपेलच असे नाही. म्हणून समोरच्या टपरीवरून चहा मागवला गेला. टपरीवरचा मुलगा जर्मनची किटली घेऊन आला, आणि त्याने ती तशीच चहादाणीत उपडी केली. पाच कप मावले. झाकणातल्या हवेच्या छिद्रातून वाफ निघाली, तोटीचे बूड कोरडे राहिले. मग त्याच चहादाणीतून पेढीवरच्या कपांत चहा ओतला गेला, पहिला आजींना, मग पेढीवरच्या दोघांना, मग पारख्याला आणि टपरीवरच्या त्या मुलाला, पाचही कप एकाच ताटातले. आजींनी बशीत ओतून, फुंकर मारून प्यायला. वहीत वजन, ठसे आणि 'पाच कप' एवढे लिहिले गेले. आतल्या रंगाच्या रकान्यात 'पांढरा' असे आधीच लिहिलेले होते, ते तसेच राहिले. मूठ बसवून झाल्यावर चहादाणी धुवायला घ्यायची तर आजींनी हात पुढे केला, आत साय धरलेली असतानाच ती फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत घालून नेली.